ठिपके आणि रेषा

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत आलेखांचें परीक्षण कशाला, अशी शंका कांहीं वाचकांच्या मनांत येईल, आणि ती अगदींच अनाठायीं नाहीं. परंतु आज वर्तमानपत्र उघडलें कीं पाऊस, महागाई, परीक्षांचे निकाल, रक्तदाब, निवडणुका या सर्वांविषयीं आपल्याशीं जें बोललें जातें, तें पुष्कळदां शब्दांनीं नव्हे, तर ठिपक्यांनीं आणि रेषांनीं बोललें जातें. जें विधान करतें, पटवूं पाहतें आणि प्रसंगीं फसवितेंही, तें लिखाणच होय. आणि लिखाण म्हटलें कीं टीकाकाराचा अधिकार तेथें पोंचतो. शिवाय या लिखाणाला एक गोष्ट विशेष अनुकूल आहे. कवितेविषयीं शंका घेण्यास सुशिक्षित वाचक कचरत नाहीं. आलेखापुढें मात्र तो मान तुकवितो. म्हणूनच या प्रकाराची थोडी रसग्रहणात्मक, पण निर्भीड चिकित्सा होणें आवश्यक आहे.

ज्याला इंग्रजींत स्कॅटर प्लॉट म्हणतात, त्याला आपण विकीर्ण आलेख म्हणूं. त्याची रचना अत्यंत साधी आहे. एकाच व्यक्तीचीं किंवा वस्तूचीं दोन मापें घ्यावयाचीं. एक आडव्या अक्षावर मोजावयाचें, दुसरें उभ्या अक्षावर, आणि दोन्ही जेथें मिळतील तेथें एक ठिपका द्यावयाचा. शंभर मुलांचीं उंची आणि वजन अशीं मापें घेतलीं कीं शंभर ठिपक्यांचा एक विरळ ढग कागदावर उमटतो. ढग डावीकडून उजवीकडे वर चढत असेल, तर एक माप वाढतांना दुसरेंही बहुधा वाढतें. उतरत असेल, तर एक वाढतांना दुसरें घटतें. आणि नुसताच पसरलेला असेल, तर दोहोंचा सरळ संबंध दिसत नाहीं.

या ढगांतून एक सरळ रेषा काढतात, तिला सर्वोत्तम जुळणारी रेषा म्हणतात. आपल्या अंगणांतील ठिपक्यांच्या रांगोळीशीं तिची तुलना केली तर तिचें स्वरूप चटकन् ध्यानांत येईल. रांगोळींत आकृति आधीं मनांत ठरलेली असते आणि ठिपके तिच्या सोयीसाठीं मांडलेले असतात. म्हणून रेषा ठिपक्यांना जोडीत अथवा वळसा घालीत बिनचूक जाते. येथें क्रम उलटा आहे. ठिपके सृष्टीनें घातलेले असतात. रेषा तेवढी आपली असते. ती एकाही ठिपक्यांतून गेली नाहीं तरी चालतें. ती सर्वांच्या जवळून जाते, आणि बहुतेकांना चुकवून जाते.

मग अशी रेषा काढावयाची ती कोणती? दहा माणसांच्या हातीं पट्टी दिली तर दहा रेषा निघतील. फ्रेंच गणिती लजांद्र यानें 1805 मध्यें धूमकेतूंच्या कक्षांविषयींच्या आपल्या ग्रंथांत याला एक नियम सांगितला. 1809 मध्यें गौसनेंही तो मांडला आणि आपण तो 1795 पासून वापरीत आहों असा दावा केला. नियम असा : प्रत्येक ठिपका रेषेपासून उभ्या दिशेनें किती दूर आहे तें मोजावें, त्या अंतराचा वर्ग करावा, आणि सर्व वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठीं लहानांत लहान येईल ती रेषा सर्वोत्तम समजावी. वर्ग करण्यानें धन-ऋण अंतरें एकमेकांस खाऊन टाकीत नाहींत. परंतु याची किंमतही द्यावी लागते. एक एकक दूर असलेला ठिपका बेरजेंत 1 घालतो, तर दहा एकक दूर असलेला 100 घालतो. त्यामुळें दूरवर बसलेला एकच ठिपका सगळ्या रेषेला आपल्याकडे ओढूं शकतो. शिवाय अंतर उभ्या दिशेऐवजीं आडव्या दिशेनें मोजलें, तर त्याच ठिपक्यांतून निराळी रेषा निघते. तात्पर्य, ‘सर्वोत्तम’ हें विशेषण सत्याचें नव्हे. आपण ठरविलेल्या एका कसोटीचें आहे. जॉन हर्शेलनें 1833 मध्यें प्रसिद्ध केलेल्या जुळ्या ताऱ्यांवरील निबंधांत हा नियम माहीत असूनही ठिपक्यांमधून वक्ररेषा हातानें, डोळ्याच्या अंदाजानें काढली, हें या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे.

या वाङ्मयप्रकारांतील आद्य अभिजात कृति म्हणून फ्रान्सिस गॉल्टनचा 1886 चा निबंध घ्यावा लागेल. त्याच्या नांवाचा मराठी अर्थ ‘आनुवंशिक उंचींत सामान्यतेकडे होणारें परागमन’ असा होईल. गॉल्टन हा डार्विनचा नातलग. हौशी, कल्पक, आणि दिसेल तें मोजण्याचें जणू वेड असलेला. लोकांनीं आपल्या कुटुंबाची माहिती लिहून पाठवावी म्हणून त्यानें 1884 मध्यें बक्षिसें जाहीर केलीं. त्यांतून 205 दांपत्यें आणि त्यांचीं 928 प्रौढ मुलें यांच्या उंचीचें कोष्टक त्यानें तयार केलें. स्त्रियांची उंची 1.08 नें गुणून पुरुषांच्या मापांत आणली, आणि आईबापांची मिळून एक मध्यम उंची धरली. एकंदर सरासरी 68¼ इंच आली. कोष्टक पाहतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं सरासरीहून तीन इंच उंच असलेल्या आईबापांचीं मुलें सरासरीहून सुमारें दोनच इंच उंच निघतात. आणि ठेंगण्या आईबापांचीं मुलें त्यांच्याइतकीं ठेंगणीं नसतात. दोन तृतीयांश हें प्रमाण सर्वत्र टिकलें. या मागें सरण्याला त्यानें जें नांव दिलें, तेंच पुढें सर्व रेषांच्या शास्त्राला चिकटलें. आज औषधाचा गुण पाहावयाचा असो कीं पिकाचें उत्पन्न, शास्त्रज्ञ जी रेषा काढतात तिच्या नांवांत हें मागें सरणें अद्याप शिल्लक आहे, जरी तेथें कोणी मागें सरत नसलें तरी.

निरीक्षक म्हणून गॉल्टनची योग्यता फार मोठी आहे. त्यानें कोष्टकांतील आंकडे नुसते बेरजेला घेतले नाहींत. ते डोळ्यांनीं पाहिले. सारख्या संख्या जेथें जेथें येतात त्या जागा जोडल्या तर एकांत एक लंबवर्तुळें होतात, हें आपणांस रॅम्सगेटजवळच्या एका आडवळणी स्टेशनावर गाडीची वाट पाहत, टिपणवहींतील आकृतीवर डोळे लावून बसलों असतां सुचलें, असें त्यानें 1908 च्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. गणित आपल्या आवांक्याबाहेरचें आहे हें ओळखून त्यानें तो प्रश्न, उंचीचें नांवही न काढतां, केंब्रिजचे गणिती हॅमिल्टन डिक्सन यांच्याकडे पाठविला. आणि उत्तर कोष्टकाशीं जुळून आलें. दुसऱ्याची मदत इतक्या मोकळेपणानें घेणें आणि ती तितक्याच मोकळेपणानें सांगणें हा त्याच्या लेखनाचा मोठा गुण आहे.

परंतु भाष्यकार म्हणून त्याच्याविषयीं असें म्हणतां येत नाहीं. मुलें सामान्यतेकडे कां वळतात याचें कारण त्यानें असें दिलें कीं मूल कांहीं अंश आईबापांकडून आणि कांहीं अंश पूर्वजांकडून घेतें. आणि जितकें मागें जावें तितके पूर्वज सामान्य होत जातात. कारण ऐकावयास ठीक आहे. पण त्याच निबंधांत त्याच कोष्टकावरून त्यानें दुसरेंही एक प्रमाण काढलें आहे : सरासरीहून तीन इंच उंच असलेलीं मुलें निवडलीं, तर त्यांच्या आईबापांची मध्यम उंची सरासरीहून केवळ एकच इंच अधिक भरते. म्हणजे मुलांकडून आईबापांकडे गेलें तरी मागें सरणें आहेच, आणि तें अधिकच ठळक आहे. येथें पूर्वजांचें स्पष्टीकरण कसें लावावयाचें? मुलांनीं काय काळांत मागें जाऊन आईबापांना ठेंगणें केलें?

खरी गोष्ट अशी आहे कीं दोन मापांचा संबंध पूर्ण नसला, म्हणजे ठिपके एका रेषेवर तंतोतंत बसत नसले, कीं एका मापांत टोंकाला असलेला गट दुसऱ्या मापांत सरासरीनें तितका टोंकाला राहूं शकत नाहीं. याला कोणत्याही शक्तीची, ओढीची किंवा अधोगतीची गरज नाहीं. आणि यामुळें पुढल्या पिढींत सगळीं माणसें एकाच उंचीचीं होतील असेंही नाहीं. उंच आईबाप मुळांत थोडे. सामान्य उंचीचे पुष्कळ. त्या पुष्कळांच्या पोटीं जीं थोडीं असाधारण उंच मुलें येतात, तीं रिकाम्या झालेल्या जागा भरून काढतात. ढगाचा आकार कायम राहतो. त्यांतील माणसें मात्र बदलतात.

हा मुद्दा केवळ विद्वानांचा नाहीं. तो आपल्या घरांतला आहे. सहामाहींत पहिला आलेला मुलगा वार्षिक परीक्षेंत चौथा आला, कीं घरांतील वडील माणसें म्हणतात, दृष्ट लागली. आणि मीठमोहऱ्या ओंवाळून टाकतात. शेवटून दुसरा आलेला मुलगा रागें भरल्यावर वर चढला, कीं बाप म्हणतो, बोलल्याचा परिणाम झाला. परीक्षेंतील गुणांत तयारीचा भाग असतो, तसा त्या दिवसाच्या योगायोगाचाही असतो. जो पहिला आला त्याला बहुधा दोन्ही अनुकूल होते. जो खालीं राहिला त्याला बहुधा दोन्ही प्रतिकूल. तयारी टिकते, योगायोग टिकत नाहीं. म्हणून पहिल्यांचा गट थोडा खालीं येतो, शेवटच्यांचा थोडा वर जातो. आणि आपण मात्र स्तुतीनें मुलें बिघडतात व धाकानें सुधारतात असा सिद्धांत बांधून बसतों. एखाद्या विशिष्ट मुलाच्या बाबतींत खरेंच कांहीं कारण असूं शकेल. परंतु तें शोधण्याआधींच शिक्षा ठरविणें हा मुलावर अन्याय आहे.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर, पुरेशा खर्चानें आणि विद्यापीठाच्या आश्रयानें करतां येते, याचें उदाहरण म्हणजे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक हॉरेस सीक्रिस्ट यांचा 1933 चा ग्रंथ. ‘व्यापारांत सामान्यतेचा विजय’ असें त्याच्या नांवाचें भाषांतर होईल. सीक्रिस्टनीं अनेक धंद्यांतील पेढ्यांचे, विक्रीच्या मानानें नफा व खर्च यांचे, वर्षानुवर्षांचे आंकडे जमविले. पहिल्या वर्षाच्या कामगिरीवरून पेढ्यांचे गट पाडले आणि पुढें त्यांचें काय होतें तें पाहिलें. प्रत्येक धंद्यांत उत्तम गट खालीं येत गेला, निकृष्ट गट वर येत गेला. यावरून त्यांनीं निष्कर्ष काढला कीं स्पर्धेंत असामान्य पेढ्या टिकत नाहींत. सामान्यतेचा विजय होतो. महामंदीचा तो काळ. असा खिन्न सिद्धांत लोकांस पटण्यासारखाच होता.

त्या ग्रंथावर हॅरोल्ड हॉटेलिंग यांनीं त्याच वर्षीं अमेरिकन संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत जें परीक्षण लिहिलें, तें टीकावाङ्मयाचा नमुना म्हणून वाचण्याजोगें आहे. त्यांनीं ग्रंथकाराच्या परिश्रमाचा गौरव केला, आणि मग एकच प्रश्न पुढें केला : पेढ्यांचे गट पहिल्या वर्षाऐवजीं शेवटच्या वर्षावरून पाडले असते तर काय दिसलें असतें? उलट चित्र. तेच आंकडे मग गट एकमेकांपासून दूर जात असल्याचें दाखवितील, आणि त्यावरून सामान्यतेच्या पराजयाचाही ग्रंथ लिहितां येईल. पेढ्या खरोखरच एकमेकींसारख्या होत असतील, तर त्यांच्यांतील एकंदर फरक वर्षागणिक कमी झाला पाहिजे, कसोटी ती. सीक्रिस्टनीं उत्तर दिलें तेव्हां 1934 मध्यें हॉटेलिंगनीं लिहिलें कीं गणितानें आधींच सिद्ध असलेली गोष्ट व्यापाराच्या आंकड्यांनीं सिद्ध करणें म्हणजे हत्तींना रांगांत उभे करून पाढे खरे ठरविण्यासारखें आहे; करमणूक होईल, मुलांना बोधही होईल, पण प्राणिशास्त्रांत वा गणितांत भर पडणार नाहीं. टीका कठोर आहे. पण ती व्यक्तीवर नाहीं, तर्कावर आहे. म्हणून ती आजही वाचतांना कडवट लागत नाहीं.

सीक्रिस्टच्या चुकीनें वर्षांचे परिश्रम वायां गेले, एवढेंच. गॉल्टनच्या शब्दांचा परिणाम मात्र याहून भयंकर झाला. सुप्रजननाच्या कल्पनेला त्यानें 1883 मध्येंच नांव दिलें होतें. तेव्हां ती कल्पना रेषेंतून निघाली असें म्हणतां येणार नाहीं. पण रेषा तिच्या सेवेस लावली गेली. सरासरीजवळच्या जागेला ‘सामान्यता’ असें हीनत्व सुचविणारें नांव मिळालें, माणसें वरच्या आणि खालच्या प्रतीचीं ठरूं लागलीं, आणि खालच्या प्रतीच्यांनीं संतति वाढवूं नये हा विचार विद्यापीठांतून कायद्यापर्यंत पोंचला. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यानें 1924 मध्यें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला आणि 1927 मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला. गॉल्टन 1911 मध्येंच वारला होता. या निकालाचा दोष थेट त्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनें 2020 मध्यें आपल्या व्याख्यानगृहाचें गॉल्टन हें नांव काढून टाकलें, तें अकारण नव्हतें. मापानें उंच-ठेंगणें ठरतें. श्रेष्ठ-कनिष्ठ हें शब्द ठरवितात. ठिपक्यांत ते शब्द नसतात. ते लिहिणाराच्या लेखणींतून येतात, आणि म्हणून त्यांचा जाब लेखणीलाच विचारला पाहिजे.

येथें कोणी म्हणेल कीं दोष भाषेचा असेल, आंकड्यांचा नव्हे. रेषेचें समीकरण तरी निर्दोष असतें ना? याला फ्रान्सिस अन्स्कम यानें 1973 मध्यें मोठें मार्मिक उत्तर देऊन ठेविलें आहे. त्यानें अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच बनविले. चारींत आडव्या मापाची सरासरी 9, उभ्या मापाची 7.5; चारींची रेषा एकच, म्हणजे 3 मध्यें आडव्या मापाची निमपट मिळविली कीं उभें माप; आणि सहसंबंधाचा आंकडाही चारींत सुमारें 0.82. कागदावर मांडतांच मात्र चारींचा चेहरामोहरा वेगळा. पहिला नेहमींसारखा विरळ ढग. दुसरा स्वच्छ वक्र, ज्याला सरळ रेषा मुळांत लागूच नाहीं. तिसऱ्यांत दहा ठिपके जवळजवळ तंतोतंत एका रेषेवर आणि अकरावा भलत्याच उंचीवर, जो एकटा सर्वोत्तम रेषेला वांकडें करतो. चौथ्यांत दहा ठिपके एकावर एक उभे आणि अकरावा दूर एकटा. तो काढला तर रेषाच उरत नाहीं. आज संगणकावर कळ दाबतां क्षणांत रेषा निघते, आणि नेमक्या याच कारणानें अन्स्कमचे चार संच अधिक मोलाचे झाले आहेत. समीकरण हा सारांश आहे. आणि सारांश वाचून कादंबरी वाचली असें जो म्हणतो, त्याला आपण वाचक म्हणत नाहीं.

एवढें दोषदर्शन झाल्यावर रेषा प्रामाणिकपणें कशी वापरावी याचेंही उदाहरण देणें टीकाकाराचें कर्तव्य आहे, आणि सुदैवानें तें आपल्या जवळचें आहे. गोव्यांत जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असतां, 1940 च्या सुमारास, प्राचीन आहत नाण्यांच्या अभ्यासाकडे वळले. या चांदीच्या नाण्यांवर लेख नाहीं, सन नाहीं. नुसत्या ठोकलेल्या खुणा. कोसंबींनीं तक्षशिलेच्या निधींतील नाण्यांचें वजन आणि त्यांच्या पाठीवरील खुणांची संख्या यांची सांगड घातली. खुणा जसजशा वाढतात, तसतसें सरासरी वजन जवळजवळ सरळ रेषेंत उतरत जातें, असें त्यांना दिसलें. नाणें हातोहात फिरतें, झिजतें. आणि फिरण्याच्या काळांत त्याच्या पाठीवर एकेक खूण पडत जाते, असा त्याचा अर्थ त्यांनीं लावला.

पण ते येथें थांबले नाहींत, हें महत्त्वाचें. झीज हें कारण रेषेनें सिद्ध होत नाहीं, हें जाणून त्यांनीं आपल्या काळांत चालू असलेलीं हजारों नाणीं तराजूंत घातलीं. त्यांवर सन छापलेला असल्यामुळें तीं किती वर्षें फिरलीं हें निश्चित ठाऊक होतें. तेथेंही काळाबरोबर सरासरी वजन उतरतें, आणि त्याबरोबरच नाण्यानाण्यांतील फरक वाढत जातो, असें आढळलें. कारण एक नाणें पेटींत पडून राहतें, तर दुसरें रोज बाजारांत जातें. यावरूनच एका सुट्या नाण्याचें वजन करून त्याचें वय सांगतां येत नाहीं, गटाचेंच सांगतां येतें, ही मर्यादा उघड झाली. नाण्यांच्या गटांना विशिष्ट राजांचीं नांवें लावण्याबाबत पुढें विद्वानांत मतभेद झाले. परंतु पद्धतीचा कस त्यानें उणा होत नाहीं. गॉल्टननें रेषा पाहिली आणि कारण कल्पिलें; सीक्रिस्टनीं रेषा पाहिली आणि तिलाच कारण मानलें; कोसंबींनीं रेषा पाहिली, कारण सुचविलें, आणि मग रेषेच्या बाहेर जाऊन, दुसऱ्या नाण्यांवर, तें तपासलें.

या तिघांच्या तुलनेंतून वाचकानें घ्यावयाचा बोध फार अवघड नाहीं. रेषा दिसली तर आधीं ठिपके मागावे. ठिपके न दाखवितां रेषा दाखविणारा लेखक पुरावा लपवीत नसला तरी निदान तो वाचकाला नाकारीत असतो. ठिपके जेथें संपतात त्याच्या पलीकडे रेषा वाढवूं नये. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या उंचीची रेषा चाळिशीपर्यंत ओढली, तर आपल्या घरांत राक्षस जन्मतील. एखादा ठिपका दूर बसला असेल, तर त्याला हांकलून देण्यापूर्वीं तो तेथें कां आहे याची चौकशी करावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, रेषा समुदायाविषयीं बोलते. समोर बसलेल्या एका माणसाविषयीं ती फारच थोडें सांगते. उंचीच्या कोष्टकांतसुद्धां, जेथें मापें इतकीं घट्ट बांधलेलीं, तेथें एकाच आईबापांचीं मुलें रेषेच्या वर आणि खालीं दोन्हीकडे विखुरलेलीं आहेत.

आपल्या शाळांतून ही रेषा काढावयास आतां शिकवितात, ही समाधानाची गोष्ट आहे. तिचें समीकरण मांडलें कीं प्रश्नाचे पूर्ण गुण मिळतात. परंतु प्रत्येक ठिपका रेषेपासून किती दूर राहिला, आणि तो तसा कां राहिला असेल, हें विद्यार्थ्यांना क्वचितच विचारलें जातें. शिक्षकांनीं निदान एकदां तरी वर्गांतल्या मुलांचींच दोन मापें घेऊन, फळ्यावर ठिपके मांडून, त्यांना रेषा काढूं द्यावी; आणि मग आपला ठिपका रेषेवर कां नाहीं, हें प्रत्येकाला आपल्या शब्दांत लिहावयास सांगावें. त्या लिखाणांत गणित आणि भाषा या दोन्ही विषयांची परीक्षा एकदमच होईल.